दरवर्षी पासिंगला त्याच दोषावर अडकणारी जुनी व्हॅन : मूळ कारण कसे शोधावे

आठ वर्षांहून जुनी आणि तीन-चार लाख किलोमीटर धावलेली व्हॅन पासिंगला, म्हणजे योग्यता प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीला, नेली, की मागच्या वर्षी ज्या दोषासाठी ती परत आली होती त्याच दोषासाठी यंदाही परत येते, ही तक्रार पुण्यात शाळेच्या व्हॅनचे मालक, हिंजवडी-खराडीकडे कर्मचाऱ्यांची ने-आण करणारे आणि सहलींसाठी टेम्पो ट्रॅव्हलर चालवणारे अशा सर्वांकडूनच सारखी ऐकू येते. मागच्या वर्षी ब्रेकमध्ये डाव्या-उजव्या बाजूचा फरक आला म्हणून लायनर (ब्रेकच्या शूवरचे घासणारे अस्तर) बदलले, पासिंग झाले, आणि यंदा पुन्हा तोच फरक आला. हेडलाइट मंद म्हणून नवे बल्ब घातले, आणि वर्षभरात ते पुन्हा मंद झाले. अशा वेळी राग निरीक्षकावर, तपासणी केंद्राच्या यंत्रावर किंवा नाना पेठेतून आणलेल्या सुट्या भागांच्या दर्जावर निघतो. सुटे भाग कधी कधी खरोखरच हलके असतात, हे मान्य आहे. परंतु गॅरेजमध्ये अशा गाड्या उघडून पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे, की पुन्हा पुन्हा येणारा दोष बहुतेक वेळा बदललेल्या भागात नसतोच. त्या भागाला खराब करणारा दुसराच भाग शेजारी असतो, आणि तो सापडेपर्यंत दरवर्षीचा खर्च आणि मनस्ताप चालूच राहतो.

व्यावसायिक नोंदणी असलेल्या वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राची मुदत केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ६२ नुसार ठरते. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी मिळते आणि त्यानंतर दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. खासगी नोंदणीच्या व्हॅनची तपासणी नोंदणीला पंधरा वर्षे झाल्यावर आणि पुढे दर पाच वर्षांनी होते. म्हणजेच व्यावसायिक व्हॅन जसजशी झिजत जाते तसतशी तिची तपासणी अधिक वेळा होते, आणि ते योग्यच आहे. जिथे स्वयंचलित तपासणी केंद्रे आहेत तिथे ब्रेक, चाकांचे सरकणे, सांध्यांतील ढिलेपणा, दिव्यांचा झोत आणि धूर यंत्राने मोजला जातो. यंत्र आकडा देते, पण त्या आकड्यामागचे कारण सांगत नाही. ते शोधण्याचे काम मालकाचे आणि त्याच्या मिस्त्रीचे आहे.

ब्रेक : लायनर बदलूनही फरक का राहतो

जुन्या व्हॅन सर्वांत जास्त अडकतात त्या ब्रेकवर, आणि त्यातही एकूण ब्रेक कमी पडण्यापेक्षा एकाच ॲक्सलच्या दोन चाकांत फरक येण्यावर. रोलर ब्रेक टेस्टरवर प्रत्येक चाकाची ब्रेक लावण्याची ताकद स्वतंत्रपणे मोजली जाते. रस्त्यावर चालकाला जी गोष्ट ‘गाडी थोडी डावीकडे खेचते’ एवढीच जाणवते, ती तिथे स्पष्ट आकड्यांत दिसते. रोजची सवय झालेला चालक तर स्टिअरिंग नकळत उलट बाजूला धरून चालवत असतो, त्यामुळे त्याला ते खेचणेही जाणवत नाही.

मागच्या चाकांत फरक आला असेल, तर ड्रम काढल्यावर पहिली गोष्ट पाहावी ती लायनर ओले आहे का ही. ओलावा असेल तर तो ब्रेक ऑइलचा आहे की गिअर ऑइलचा, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. ब्रेक ऑइल पातळ असते आणि पाण्याने धुतले जाते. गिअर ऑइल चिकट असते आणि त्याला उग्र वास येतो. ब्रेक ऑइल असेल तर व्हील सिलिंडरचे रबरी कप गळत आहेत. गिअर ऑइल असेल तर ॲक्सलचे सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) गेले आहे, आणि इथेच बहुतेक दुरुस्त्या अर्धवट राहतात. मिस्त्री सील आणि लायनर दोन्ही बदलतो, व्हॅन पासिंग होऊन येते, आणि काही महिन्यांत सील पुन्हा गळू लागते. ओम्नी, ईको किंवा ट्रॅव्हलरसारख्या ज्या व्हॅनमध्ये मागच्या बाजूला अखंड ॲक्सल आणि डिफरन्शियल असते, तिथे ॲक्सलच्या घरावर हवा ये-जा करण्यासाठी एक छोटी नळी, म्हणजे ब्रीदर, असतो. पावसाळ्यातला चिखल आणि रस्त्यांच्या खोदकामाची धूळ यांनी तो बुजला, की गाडी तापल्यावर आतली हवा फुगते, बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ती ऑइलला सीलमधून बाहेर रेटते. डिफरन्शियलमध्ये ऑइल गरजेपेक्षा जास्त भरलेले असेल तरीही असेच होते. सील बदलताना ब्रीदर काढून, स्वच्छ करून, फुंकून पाहावा आणि ऑइलची पातळी भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंतच ठेवावी. या कामाला खर्च जवळपास येत नाही, तरीही ते सर्वाधिक दुर्लक्षित राहते. सील बसते ती शाफ्टची जागा चर पडून झिजली असेल, तर मात्र नवे सीलही टिकणार नाही आणि शाफ्ट किंवा बेअरिंगचा विचार करावाच लागेल. एकदा ऑइल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा घासून परत बसवू नये. वरून ते कोरडे दिसते, पण तापल्यावर आतले ऑइल पुन्हा पृष्ठभागावर येते. लायनर बदलताना ते नेहमी दोन्ही चाकांचे, एकाच कंपनीचे आणि एकाच वेळी बदलावे.

लायनर कोरडे असूनही फरक असेल, तर ड्रम मोजावा. बहुतेक ड्रमवर कमाल व्यास कोरलेला किंवा ओतलेला असतो. वर्षानुवर्षे टर्निंग करून, म्हणजे लेथवर आतून घासून, घेतलेला ड्रम त्या मर्यादेपलीकडे गेला, की नवे लायनर त्याला पूर्ण टेकत नाही. डोळ्यांना तो गुळगुळीत दिसतो म्हणून ‘ड्रम चांगला आहे’ असे सांगितले जाते. डोळ्यांवर विसंबू नये, मापच घ्यावे. एका बाजूचा ड्रम टर्निंग केलेला आणि दुसऱ्या बाजूचा नवा, अशी जोडी असेल तर डाव्या-उजव्याचा फरक कधीच पूर्ण जाणार नाही. शू आपोआप पुढे सरकवणारी ॲडजस्टरची यंत्रणा गंजून अडकली असेल, तर त्या बाजूचे लायनर झिजत जाते आणि शू मात्र मागेच राहतात. म्हणून ॲडजस्टरचे आटे स्वच्छ करून ते हाताने सहज फिरतात का हे पाहिल्याशिवाय ड्रम बंद करू नये.

पुढच्या डिस्क ब्रेकची गोष्ट वेगळी आहे. तिथे पॅड नवे असूनही फरक येतो तो मुख्यतः कॅलिपरच्या सरकत्या पिना कोरड्या पडून अडकल्यामुळे. पिन अडकली की एकच पॅड दाबला जातो, आणि काढल्यावर आतला पॅड संपलेला व बाहेरचा जवळजवळ नवा दिसतो. अशी असमान झीज दिसली तर पॅड बदलून काम संपत नाही. पिना, त्यांचे रबरी बूट आणि पिस्टनचे सील हे सगळे पाहावे लागते. दुसरे कारण म्हणजे जुना होज पाइप. तो बाहेरून ठीक दिसतो, पण आतून फुगलेला असतो. पेडल दाबल्यावर ऑइल पुढे जाते, पेडल सोडल्यावर मात्र ते हळूहळू परत येते आणि चाक थोडे धरून राहते. हे ओळखायला अवघड नाही. साधारण अर्धा तास चालवून गाडी थांबवावी आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन, न टेकवता, उष्णता जाणून घ्यावी. इन्फ्रारेड तापमापक असेल तर उत्तमच. एक चाक उरलेल्या तिघांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल, तर दोष त्या चाकातच आहे. उलट एखादे चाक गारच राहिले असेल, तर ते ब्रेक लावतच नाही.

काही व्हॅनमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला, वजनाप्रमाणे ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी रिकामी असताना मागची चाके जाम होऊ नयेत म्हणून तो मागचा दाब कमी ठेवतो आणि गाडी भरून खाली बसली की दाब वाढवतो. त्याचा दांडा गंजून अडकला, वाकला किंवा त्याची स्प्रिंग तुटली, तर मागची दोन्ही चाके वर्षभर निम्माच ब्रेक लावत राहतात, पुढचे पॅड लवकर संपतात आणि त्याचा दोष चालकाच्या पायाला दिला जातो. कमान पाटे बदलताना किंवा त्यात जादा पाटा घालताना या दांड्याची उंची बदलते, तेव्हा ती कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा जुळवावी. तो व्हॉल्व्ह काढून सरळ पाइप जोडण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, तो कृपा करून मानू नये. पावसात, उतारावर, रिकामी व्हॅन अशाच वेळी आडवी होते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. ओलावा असलेल्या ऑइलने सिलिंडर आतून गंजतात आणि कप पुन्हा पुन्हा फाटतात. दरवर्षी व्हील सिलिंडर गळणाऱ्या व्हॅनमध्ये हेच कारण वारंवार आढळते.

हँडब्रेकसाठी एकच गोष्ट सांगावीशी वाटते. केबल ताणण्याआधी मागच्या शूंचे ॲडजस्टमेंट करावे. आधी केबल ताणली तर लिव्हर वर खेचल्यावर घट्ट लागतो आणि सगळे ठीक वाटते, पण शू आधीच अर्धवट उचललेले राहतात, ॲडजस्टर काम करेनासा होतो आणि पायाच्या ब्रेकमध्येही फरक येऊ लागतो. केबलच्या आवरणात पाणी शिरून एका बाजूची तार गंजली असेल तर तिला ऑइल देत बसू नये, ती बदलावी.

पुढची चाके : अलाइनमेंट का टिकत नाही

पुढची चाके प्लेटवरून नेताना बाजूला किती सरकतात हे मोजले जाते, आणि तिथे नापास झालेली व्हॅन मालक लगेच अलाइनमेंटला नेतात. अलाइनमेंट होते, कागदावर सगळे आकडे हिरव्यात येतात, आणि महिनाभरात टायर पुन्हा आतल्या किंवा बाहेरच्या कडेला खाल्ले जाऊ लागतात. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट टिकणे शक्यच नाही, कारण यंत्रावर गाडी उभी असतानाची चाकांची दिशा आणि रस्त्यावर धावतानाची दिशा सारखी राहत नाही. आधी ढिलेपणा काढावा, मग टायरमधील हवा दोन्ही बाजूंना सारखी करावी, आणि त्यानंतरच अलाइनमेंट करावी.

ढिलेपणा नेमका कशात आहे हे ओळखण्याची पद्धत साधी आहे, पण तिला दोन माणसे लागतात. पुढचे चाक उचलून गाडी स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कोणीही खाली जाऊ नये. चाक वर आणि खाली हात धरून हलवावे. हलत असेल तर दुसऱ्या माणसाने ब्रेकचे पेडल दाबून धरावे आणि चाक पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला, तर तो व्हील बेअरिंगचा होता. तरीही राहिला, तर तो किंग पिन (चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते ती), बॉल जॉइंट किंवा बुशचा आहे. मग डावीकडे आणि उजवीकडे हात धरून हलवावे. तिथे हालचाल जाणवली तर टाय रॉडचे टोक किंवा स्टिअरिंग बॉक्स पाहावा. शेवटी गाडी जमिनीवर घेऊन एकाने स्टिअरिंग दोन्हीकडे थोडे थोडे झटकावे आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून पाहावे. झीज बोटाला डोळ्यांपेक्षा लवकर कळते.

टेम्पो ट्रॅव्हलरबद्दल वेगळे सांगणे आवश्यक आहे, कारण १९८७ पासून रस्त्यावर असलेली ही गाडी पुणे परिसरात अजूनही प्रवासी वाहतुकीचा मोठा आधार आहे. तिच्या जुन्या मॉडेलमध्ये पुढे अखंड ॲक्सल, कमान पाटे आणि किंग पिन असतात. किंग पिनला ठरावीक अंतराने ग्रीस मिळाले तर ती दीर्घकाळ टिकते. ग्रीस मात्र पुढचे चाक उचलून, भार काढून भरावे, म्हणजे ते पिनच्या सगळ्या बाजूंनी पसरते. भार असताना पंप मारला तर ते मोकळ्या बाजूनेच बाहेर येते आणि घासणारी बाजू कोरडी राहते. निप्पल बुजलेले असेल तर ते बदलायला मिनिटे लागतात, पण बुजलेले तसेच राहिले तर पुढच्या तपासणीपर्यंत किंग पिनचे पूर्ण काम निघते.

टायरच्या खाचांची खोली चारचाकी वाहनासाठी किमान १.६ मिलिमीटर असावी लागते, आणि टायरच्या खाचेतच त्या पातळीची खूण असते. एका बाजूने सफाचट आणि दुसऱ्या बाजूने भरलेला टायर दिसला, तर तो बदलण्याआधी ढिलेपणा ओळखण्याचा वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

दिवे

नवा बल्ब घालूनही प्रकाश मंद असेल तर बल्बला पोहोचणारा विजेचा दाब (व्होल्टेज) मोजावा. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर आणि नंतर हेडलाइट लावून होल्डरच्या टोकांवर मल्टिमीटर धरावा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त फरक असेल, तर वीज वाटेतच, म्हणजे गंजलेल्या अर्थिंगमध्ये, जळक्या कनेक्टरमध्ये किंवा झिजलेल्या स्विचमध्ये वाया जात आहे. जुन्या व्हॅनमध्ये अर्थिंगची वायर पत्र्याला जिथे बोल्टने जोडलेली असते, तिथला रंग आणि गंज घासून पत्रा उघडा केला आणि वर ग्रीस लावले, तर पुष्कळ वेळा एकही नवा भाग न घालता प्रकाश परत येतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणत असेल, तर तेही मागच्या दिव्याच्या अर्थिंगचेच लक्षण आहे. प्रकाश वाढवण्यासाठी ६०/५५ वॅटच्या जागी जास्त वॅटचे बल्ब घालू नयेत. त्यांनी होल्डर वितळतो, परावर्तक काळा पडतो आणि पुढच्या वर्षी संपूर्ण दिवा बदलावा लागतो. साध्या बल्बसाठी बनवलेल्या दिव्यात बाजारातील एलईडी बसवल्यास झोत विस्कळीत होतो. प्रकाश भरपूर दिसतो, पण यंत्रावर झोताची रेषाच सापडत नाही.

झोत वर जात असेल तर स्क्रू फिरवण्याआधी गाडी मागून बसली आहे का ते पाहावे. मागचे कमान पाटे थकले की व्हॅनचे नाक वर होते आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

धूर

डिझेल व्हॅनची धूर-तपासणी इंजिन मोकळ्या स्थितीत वेगाने वाढवून केली जाते आणि धुराची घनता प्रकाशशोषण गुणांकात मोजली जाते. भारत स्टेज ४ या उत्सर्जन मानकापूर्वीच्या वाहनांना २.४५ प्रति मीटर आणि भारत स्टेज ४ च्या वाहनांना १.६२ प्रति मीटर ही मर्यादा आहे. पुण्यात भारत स्टेज ४ ची अंमलबजावणी एप्रिल २०१० मध्ये सुरू झाली, तर देशभर ती १ एप्रिल २०१७ पासून झाली. त्यामुळे मधल्या वर्षांत बाहेरगावी नोंदवलेली आणि नंतर पुण्यात आलेली व्हॅन कोणत्या टप्प्याची आहे, हे निर्मितीच्या वर्षावरून गृहीत न धरता नोंदणीच्या कागदांवरून पाहावे.

काळा धूर म्हणजे आत जाणाऱ्या हवेच्या मानाने डिझेल जास्त जात आहे, म्हणून तपास हवेपासून सुरू करावा. एअर फिल्टर, टर्बोचे पाइप आणि त्यांचे क्लॅम्प, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा) आणि त्यानंतर डिझेल फवारणारे नोझल, हा क्रम ठेवावा. टर्बोच्या पाइपला सांध्याजवळ तेलकट काळी रेघ दिसली, तर तिथून हवा निसटते आहे. नोझल आणि पंपाचे काम सर्वांत महाग असते आणि दुर्दैवाने तेच सर्वांत आधी सुचवले जाते. जुन्या यांत्रिक पंपावर ओढ वाढावी म्हणून डिझेलचा स्क्रू कुणी वाढवून ठेवला असेल, तर तो मूळ मापावर आणल्याखेरीज बाकीचे उपाय टिकत नाहीत. निळसर धूर हा इंजिन ऑइल जळत असल्याचा असतो. तिथे रिंग, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बो यांचा खर्च टळत नाही, आणि एखादे औषध टाकीत ओतून तो दूर होत नाही. धुराची तपासणी पूर्ण गरम इंजिनावर करावी. गार इंजिन विनाकारण जास्त धूर देते.

सीएनजीवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये धुरापेक्षा कागदांचा अडथळा जास्त येतो. टाकीची दाब-चाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते आणि किटची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात असावी लागते. ज्या गाडीत मुले बसतात तिच्या टाकीची चाचणी लांबवणे मला कोणत्याही कारणाने मान्य होत नाही.

गंज

पत्र्याच्या गंजाबद्दल मालक उदासीन असतात, कारण तो झाकता येतो. पुट्टी, फायबर आणि वरून काळे अंडरकोटिंग असा थर दिला की खालून गाडी नवी दिसते. निरीक्षकाने हातोडीने हलके ठोकले की मात्र आवाज बद्द येतो. शाळेच्या व्हॅनमध्ये सरकत्या दाराची खालची पट्टी, चढण्याची पायरी, मागच्या चाकांवरची कमान आणि सीटचे बोल्ट बसतात तिथली जमीन या जागा आधी पाहाव्यात. दाराच्या आणि खालच्या पट्टीच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. ती चिखलाने बुजली की पावसाचे पाणी आत साचते आणि पत्रा आतून कुजतो. म्हणजे इथेही पत्रा दरवर्षी जोडण्याचे कारण एक बुजलेले भोकच असते. कोकणात वारंवार सहली नेणाऱ्या गाड्यांचा खालचा भाग परतल्यावर गोड्या पाण्याने धुवावा. पावसाळा संपल्यावर तर सगळ्याच गाड्यांचा धुवावा.

सीट किंवा बेल्ट जिथे घट्ट केलेले असतात, तो पत्रा कुजला असेल तर त्यावर वरून पट्टी ठेवून बोल्ट मारू नये. कुजलेला भाग कापून, योग्य जाडीचा पत्रा वेल्डिंग करून घ्यावा. वेल्डिंगआधी बॅटरीची जोडणी काढावी आणि सीएनजी असेल तर ते काम या प्रकारच्या गाड्या हाताळणाऱ्या कुशल माणसाकडूनच करून घ्यावे.

चासी क्रमांक गंजाने अस्पष्ट होणे हे परत पाठवले जाण्याचे एक नेहमीचे कारण आहे. तो उजळण्यासाठी ग्राइंडर किंवा खरखरीत पॉलिश पेपर कधीही वापरू नये, कारण अक्षरे घासली गेली तर क्रमांकात फेरफार केल्याचा संशय येतो आणि साधी गोष्ट लांबते. रॉकेल आणि मऊ ब्रशने स्वच्छ करावे, कोरडे करावे आणि ग्रीसचा पातळ थर द्यावा. हे दर सहा महिन्यांनी केले तर पेन्सिलने छाप घेताना अडचण येत नाही.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

वेगनियंत्रकाचे सील तुटलेले असणे, स्पीडोमीटर बंद असणे, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या फिकट झालेल्या असणे, अग्निशामकाची मुदत संपलेली असणे, नंबर प्लेटवरचा दिवा न लागणे आणि संगीतमय हॉर्न ही कारणे घरीच दूर करता येतात. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांनी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का हेही पाहावे. नोंदणी प्रमाणपत्रात जितकी आसने आहेत तितकीच गाडीत असावीत. मुलांसाठी मध्ये घातलेले जादा बाक तपासणीच्या दिवसापुरते काढून नंतर पुन्हा बसवण्याची पद्धत घातक आहे आणि ती बंद झाली पाहिजे, कारण त्या बाकाला ना बेल्ट असतो ना पक्का आधार, आणि अपघातात सर्वांत आधी तोच सुटून येतो.

कामाचा क्रम आणि वेळ

मुदत संपायच्या आठवड्यात गाडी गॅरेजला आणली, तर कारण शोधायला वेळच उरत नाही. तेव्हा फक्त भाग बदलले जातात. शाळेच्या व्हॅनवाल्या काकांची गर्दी मे महिन्याच्या शेवटी आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एकाच वेळी होते, म्हणून परीक्षा संपताच, एप्रिलमध्येच, गाडी उघडून घ्यावी. आधी पत्रा आणि वेल्डिंग, मग कमान पाटे आणि बुश, मग ब्रेक, मग टायर आणि अलाइनमेंट, आणि सर्वांत शेवटी दिव्यांचा झोत, असा क्रम ठेवावा. पाटे बदलले की गाडीची उंची बदलते, उंचीबरोबर अलाइनमेंट आणि झोत दोन्ही बदलतात, त्यामुळे उलट्या क्रमाने केलेले काम दोनदा करावे लागते. ब्रेकचे काम झाल्यावर काही दिवस गाडी नेहमीच्या मार्गावर चालू द्यावी. नवे लायनर ड्रमला पूर्ण टेकायला तेवढा अवधी लागतो, आणि गॅरेजमधून थेट रोलरवर नेलेली गाडी चांगली असूनही कमी आकडा दाखवते.

पुणे कार्यालयाच्या कक्षेतील वाहनांना तपासणीसाठी सासवडजवळच्या दिवे या गावातील चाचणी मार्गावर जायचे असेल, तर वाटेत दिवे घाट चढावा लागतो. ज्या व्हॅनचा रेडिएटर अर्धा बुजलेला आहे किंवा पंख्याचा क्लच गेला आहे, ती तिथे पोहोचेपर्यंत काटा लाल खुणेजवळ नेते. अशी तापलेली गाडी लगेच रांगेत न लावता इंजिन काही वेळ मंद गतीवर चालू ठेवून काटा नेहमीच्या जागी आल्यावरच पुढे न्यावी, आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. आषाढी वारीच्या काळात माउलींची पालखी याच घाटाने सासवडला जाते आणि त्या दिवशी रस्ता वाहनांसाठी बंद असतो, हे वेळ ठरवताना ध्यानात ठेवावे.

गाडी नापास झाली तर केवळ ‘ब्रेकमध्ये गेली’ एवढे तोंडी ऐकून परतू नये. यंत्राने दिलेला प्रत्येक चाकाचा आकडा असलेला कागद मागून घ्यावा आणि मिस्त्रीच्या हातात तोच द्यावा, कारण ‘मागची डावी कमी’ आणि ‘मागची उजवी धरून राहते’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. पास झाली तरी तो कागद गाडीच्या फाइलमध्ये ठेवावा, आणि त्याच कागदामागे त्या वर्षी कोणत्या चाकात काय निघाले, कोणता भाग बदलला आणि गळतीचे ऑइल कुठले होते, हे तारखेसह लिहून ठेवावे. पुढच्या एप्रिलमध्ये ड्रम उघडताना मिस्त्रीने आधी तीच फाइल वाचावी.